दिले तर पूर्ण द्या

एखादी कंपनी आपले ओपन सोर्स सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या हवाली करते, तेव्हा तिच्या औदार्याचे गोडवे गाणारी पत्रके निघतात. औदार्य असेलही. पण हा निर्णय धंद्याचा असतो आणि तो तसा असण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते अर्धवट देणे.

गूगलने २०१५ साली अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवण्याचे कुबरनेटीस हे सॉफ्टवेअर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील नव्या ‘क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन’कडे, म्हणजे ‘सीएनसीएफ’कडे दिले. त्यामागचा हिशेब स्वच्छ होता. क्लाउडच्या बाजारात ॲमेझॉन फार पुढे होती. ग्राहकांची कामे एकाच पद्धतीच्या, सर्वांना खुल्या यंत्रणेवर चालू लागली, तर ॲमेझॉनकडून दुसरीकडे जाणे त्यांना सोपे होणार होते आणि त्यात मागे पडलेल्या गूगलचा फायदा होता. मात्र ती यंत्रणा गूगलच्या मुठीत राहिली असती, तर आयबीएम किंवा रेड हॅटने तिच्यावर आपले मनुष्यबळ कशाला खर्च केले असते? मालकी सोडली म्हणून प्रतिस्पर्धी आत आले. २०१७ संपता संपता डॉकर, मायक्रोसॉफ्ट आणि खुद्द ॲमेझॉन या सगळ्यांना कुबरनेटीस चालवण्याची सोय जाहीर करावी लागली. पुढच्या वर्षी गूगलने प्रकल्पाची चाचणीयंत्रणा त्यावर काम करणाऱ्या समुदायाच्या हाती सोपवण्यासाठी ९० लाख डॉलरचे क्लाउड क्रेडिटही दिले. मालकी सोडूनच गूगलने बाजाराचे वळण बदलले.

हीच गूगल इस्टिओच्या बाबतीत मात्र आखडली. २०१७मध्ये आयबीएम आणि लिफ्ट यांच्यासह सुरू केलेला, प्रोग्रॅमच्या सेवांमधील दळणवळण सांभाळणारा हा प्रकल्प फाउंडेशनकडे जाईल, अशी सहकाऱ्यांची अपेक्षा होती. गूगलने २०२०मध्ये त्याचा केवळ ट्रेडमार्क ‘ओपन युसेज कॉमन्स’ या स्वतःच्याच पुढाकाराने उभारलेल्या संस्थेकडे दिला. आयबीएमने जाहीर नाराजी व्यक्त केली. अखेर २०२२मध्ये इस्टिओ सीएनसीएफमध्ये आलाच. जे शेवटी द्यायचेच होते, ते धरून ठेवण्यात सहकाऱ्यांचा विश्वास तेवढा खर्ची पडला.

ओरॅकलचा उशीर याहून महाग पडला. सन कंपनी विकत घेतल्यावर ओरॅकलकडे ओपनऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर आले. पण कारभाराबद्दलची अस्वस्थता तिने दूर केली नाही. सप्टेंबर २०१०मध्ये कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी त्याच कोडवरून लिबरऑफिस उभे केले. जून २०११मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकले, तोवर काम करणारे हात निघून गेले होते. नाव आणि कोड तेवढा उरला.

सर्वांत बोलके उदाहरण अगदी अलीकडचे आहे. प्रोग्रॅमना एकमेकांशी निरोपांची देवाणघेवाण करता यावी यासाठीचे नॅट्स हे सॉफ्टवेअर २०१८पासून सीएनसीएफकडे आहे. एप्रिल २०२५मध्ये सिनेडिया या त्यामागच्या कंपनीने त्याचे डोमेन आणि गिटहबवरची जागा परत मागितली. सर्व्हरचा परवानाही तिला बदलायचा होता. एवढी मागणी करता आली, कारण ट्रेडमार्कची नोंदणी इतकी वर्षे कंपनीच्याच नावावर राहिली होती. बक्षीसपत्राचा समारंभ झाला आणि सातबाऱ्यावर नाव जुनेच राहिले, अशातली ही गत. बहुतेक काम आमच्याच माणसांनी केले, हे सिनेडियाचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. एकाच कंपनीच्या पगारावर चालणारा प्रकल्प फाउंडेशनमध्ये नेला म्हणून आपोआप सर्वांचा होत नाही, हे सीएनसीएफनेही ओळखायला हवे होते. पण एकटीने काम ओढण्याचा भार कंपनीला असह्य झाला, तर उत्तर वेगळ्या नावाने वेगळे उत्पादन काढणे हे आहे. ज्यांनी फाउंडेशनच्या भरवशावर आपल्या यंत्रणा नॅट्सवर उभ्या केल्या, त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे हे नव्हे. मे महिन्याच्या आरंभी समझोता झाला आणि ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनकडे देण्याचे ठरले. सात वर्षांपूर्वी एका सहीने व्हायचे काम वकिलांच्या नोटिसांनंतर झाले.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही. नवा प्रकल्प आल्याची घोषणा करण्याची घाई फाउंडेशनलाही असतेच. ट्रेडमार्क, डोमेन आणि कोडच्या भांडाराच्या चाव्या हाती आल्याखेरीज कोणत्याही फाउंडेशनने प्रकल्पावर आपली मोहोर उमटवू नये.

आणि पुण्यात, हैदराबादेत किंवा आणखी कुठे बसून आपल्या कंपनीसाठी असे सॉफ्टवेअर निवडणाऱ्या अभियंत्यांनी नुसत्या फाउंडेशनच्या नावावर विसंबू नये. ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, कोड मंजूर करणाऱ्यांपैकी किती जण एकाच कंपनीचे नोकर आहेत, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच होकार द्यावा.