भाज्याचे खांब आणि माझी वाइड लेन्स

पगार जमा झाल्याचा मेसेज आला, की कुणाचा जीव शूजवर जातो, कुणाचा गॅजेट्सवर. माझा दोन वर्षं एका वाइड अँगल लेन्सवर अडकला होता. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स होतीच. पण प्रत्येक ट्रिपचे फोटो बघताना वाटायचं, यार, काहीतरी फ्रेमबाहेर राहिलं!

भाज्याला तर अख्खं चैत्यगृहच राहिलं. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेसवे ओलांडून भाजे गावातून चालत जायचं आणि मग पायऱ्या. वर इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची २२ लेणी. त्यातलं चैत्यगृह सुमारे १७ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. बाहेरून कमान मस्त येते, कारण मागे सरकायला जागा आहे. आत मात्र पंचाईत. स्तूप घ्यावा तर छताच्या लाकडी फासळ्या कापल्या जातात, फासळ्या घ्याव्यात तर दोन्हीकडचे खांब जातात. मागे मागे सरकत राहिलं तर आपणच अंगणात! वाइड लेन्स लागते ती इथे, जिथे पाय मागे जाऊ शकत नाहीत तिथे.

‘मोबाइलचा ०.५ आहे की,’ असं म्हणणारे भेटतातच. उन्हात तो छानच चालतो. पण बऱ्याच फोन्समध्ये त्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे लेण्यातल्या अंधारात दगडाचं पोत जाऊन नुसता लगदा उरतो.

दुकानदारानं मला एफ/२.८ची ११-१६ एमएम दाखवली. जड आणि बजेटबाहेर. मी घेतली ती कॅननची २०१४ साली आलेली १०-१८ एमएम, एफ/४.५-५.६. कागदावर ती किट लेन्सपेक्षाही मंद. पण तिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन आहे आणि वजन जेमतेम २४० ग्रॅम. आता विचार करा, स्तूप काही हलत नाही! संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते, म्हणजे कॅमेरा हातातच. श्वास रोखून १/८ सेकंदालाही शार्प फोटो मिळाला. एफ/२.८चे जादा पैसे लग्नाचे किंवा रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी द्यावेत. निकॉनवाल्यांसाठी २०१७ची १०-२० एमएम याच जातीची, फक्त जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालतो का हे आधी तपासा. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे डीएसएलआरच्या लेन्स सेकंडहँडमध्ये बऱ्या भावात मिळतात. घेताना काचेत टॉर्च मारून बुरशी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

मी आधी एका वीकेंडला ही लेन्स भाड्यानं आणली होती, आणि त्याच वीकेंडला माती खाल्ली. कॅमेरा वर करून फोटो काढला. वाइड लेन्स तिरकी धरली की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, हे मला माहीत होतं. म्हणून घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सगळे खांब टकाटक सरळ केले आणि फोटो एका पुरवणीला दिला. छापूनही आला. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट मैत्रिणीचा फोन : ‘अगं, भाज्याचे खांब सरळ कसे झाले?’

तिथले २७ अष्टकोनी खांब मुळातच आत झुकलेले आहेत. लाकडी सभागृहात छताचा रेटा पेलायला खांब असे कलते उभे करायचे. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी तो कल तसाच उतरवला. लाकडाकडून दगडाकडे येतानाची ती खूण, आणि मी ती एका स्लायडरनं पुसून टाकली होती! लाज वाटली खरंच.

लेन्स विकत घेतल्यावर पुन्हा गेले, दुपारनंतर. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा उजेड आत येतो. या वेळी कॅमेरा अजिबात वर केला नाही. व्ह्यूफाइंडरची ग्रिड लावली, १० एमएमवर कॅमेरा अगदी समपातळीत धरला आणि फ्रेममध्ये आलेली नको तेवढी जमीन घरी कापून टाकली. लेन्स एवढी रुंद असली की हे परवडतं. आता फोटोत जो कल दिसतो तो कोरणाऱ्यांचा. लेन्सचा नाही.

किट लेन्स मात्र बॅगेतच राहू द्या. १० एमएमवर समोरचा लोहगड मुंग्यांच्या वारुळाएवढा दिसतो. आणि ग्रुप फोटो काढताना कुणालाही कडेला उभं करू नका. माझी एक मैत्रीण फ्रेमच्या कोपऱ्यात आडवी ताणली गेली, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.