सोळा आठवड्यांचे पीक

मुलीने शेतकीतील पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता शाळेत शेती शिकविता यावी म्हणून ती बी.एड. करीत आहे, असे सांगितले की आपल्या इंदूरकर मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो : "मास्तरकीच करायची होती, तर एवढी वर्षे चिखल कशाला तुडविला?" दरबारी चाकरी, वकिली आणि कचेरी यांवर ज्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्यांना हा प्रश्न पडावा हे स्वाभाविक आहे. परंतु यंदा या शिक्षणक्रमाच्या अखेरच्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींपुढचा प्रश्न याहून अवघड आहे.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे प्रत्यक्ष शाळेत शिकवावे लागते. माळव्यात अकरावी-बारावीच्या शेतीच्या वर्गात बसणारी मुले बहुधा शेतकऱ्यांचीच. पेरणी, निंदणी, कापणी त्यांच्या हातांना ठाऊक असते. शहरात वाढलेल्या शिक्षिकेने त्यांना काय शिकवावे?

त्यांनी रोज पाहिलेल्या गोष्टीमागचे कारण शिकवावे. पेरणीपूर्वी सोयाबीनच्या शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात आणि आठवड्याने मुलांकडूनच मोड मोजून घ्यावेत. सत्तरांहून कमी उगवल्या, तर बियाणे वाढवावे लागेल, हे गणित मग फळ्यावर मांडावे. पुढे पीक फुलोऱ्यास आले की एक रोप मुळासकट हलक्या हाताने उपटावे आणि मुळावरची गाठ ब्लेडने कापावी. आत गुलाबी रंग दिसला, तर हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू कामावर आहेत असे समजावे. ज्या मुलाने आजवर शेकडो रोपे उपटली, त्यानेही ही गाठ बहुधा कधी उघडून पाहिलेली नसते.

योगायोग असा, की सोयाबीन पेरणीपासून कापणीपर्यंत सुमारे शंभर दिवस घेते, आणि सोळा आठवड्यांचे दिवस होतात एकशे बारा. शाळा पावसाच्या आरंभी मिळाली, तर आवारात चार वाफे मागून घ्यावेत. एक अख्खे पीक वर्गाच्या डोळ्यांदेखत उभे राहील. शाळा हिवाळ्यात मिळाली, तर हरभरा आहेच.

या विद्येची थोर परंपरा आपल्याच गावात आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक होते. पालापाचोळा आणि शेण यांपासून खत करण्याची 'इंदूर पद्धत' येथूनच जगभर गेली. इथला शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच ते आपले गुरू मानीत. १९३१ साली त्या पद्धतीवर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञाचेही नाव आहे. चिखल कशाला तुडविला, या प्रश्नाला हे एक मराठी नावच पुरेसे उत्तर आहे.

तेव्हा आमची वाचक माता-पित्यांना एवढीच विनंती : लेक शाळेतून परतली की नोकरी केव्हा लागणार हे रोज विचारू नका. आज वाफ्यात काय उगवले, आणि मुलांनी त्यावर काय विचारले, हे विचारा. तिचे उत्तर लांबत गेले, तर ती शिक्षिका झाली असे खुशाल समजावे.