दवाखाना चांगला की वाईट, ठरवायचं कशावर? सर्पदंशाच्या निमित्ताने जुन्नर-आंबेगावचा हिशोब

नारायणगाव : पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे एक फोन हमखास येतो. रात्री अकरा-बाराची वेळ असते. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून माणूस उसाला पाणी द्यायला गेलेला असतो. नाहीतर टोमॅटोच्या बागेत, नाहीतर घरातच जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. पलीकडून घाबरलेला आवाज येतो, "दादा, पान लागलंय. कुठल्या दवाखान्यात न्यायचं?"

या प्रश्नाला आपण उत्तर कसं देतो ते आठवून बघा. "तिकडं नको, तिथं माणसं दगावतात." "अमक्याकडं ने, नवी बिल्डिंग झालीय, एसी आहे." बाजारात बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, दहा जणांना विचारतो. दवाखाना मात्र ऐकीव गोष्टीवर निवडतो, तेही जीव टांगणीला लागलेला असताना.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, जुन्नर, मंचर, घोडेगाव अशा गावांत खासगी नर्सिंग होम आहेत. सरकारी बाजूला मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं आणि खाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. त्यांचा दर्जा सामान्य माणसाने कसा ओळखायचा, यासाठी सर्पदंशासारखी दुसरी कसोटी नाही. यात वेळ कमी असतो, औषध ठरलेलं असतं आणि चूक झाली तर लगेच कळते.

आमच्या घरातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या चुलत वहिनींना चारा कापताना घोणस चावली. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सलाईन लावली, एक इंजेक्शन दिलं, "बघू सकाळपर्यंत" म्हणाले. तीन तास गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा सांगितलं, "पुढं घेऊन जा." सोबत दिलेल्या चिठ्ठीवर नाव, वय आणि 'रेफर' एवढंच लिहिलेलं. कुठलं औषध दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, काहीच नाही. पुढच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

वहिनी वाचल्या, पण किडनीवर परिणाम झाला. पुढे बरेच दिवस डायलिसिस करावं लागलं. त्या वर्षीचे टोमॅटोचे पैसे त्यात गेले. पहिल्या दवाखान्याच्या वहीत मात्र ही केस कशी नोंदली गेली असेल? रुग्ण आला, पुढे पाठवला. मृत्यू शून्य.

'शून्य मृत्यू' फसवा का असतो

समजा, एका दवाखान्यात वर्षाला सापाचे 100 रुग्ण येतात. त्यातले 30 गंभीर. तो दवाखाना सगळे 30 पुढे पाठवतो. त्याच्या खात्यावर मृत्यू शून्य. दुसरा दवाखाना असे गंभीर रुग्ण ठेवून घेतो, रात्रभर जागतो, 28 वाचवतो, दोन जातात. गावात चर्चा काय होते? "दुसऱ्याकडं दोन माणसं गेली."

म्हणजे जो जबाबदारी घेतो तो बदनाम आणि जो झटकतो तो स्वच्छ. पहिल्याकडून निघालेला माणूस चाकण-मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दगावला, तर तो कुणाच्याच खात्यावर येत नाही. म्हणून नुसता 'किती मेले' हा आकडा घेऊन उपयोग नाही. किती आले, किती ठेवून घेतले, किती पुढे पाठवले, किती वेळाने पाठवले आणि पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हे पाचही आकडे एकत्र असले तरच दर्जा कळतो.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. नारायणगावातच विघ्नहर नर्सिंग होम आहे. डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी तिथं तीन दशकांत सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी नोंदी ठेवल्या आणि आपला अनुभव शोधनिबंध म्हणून वैद्यकीय नियतकालिकात मांडला. शोधनिबंध छापला की जगातला कुठलाही डॉक्टर त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारू शकतो. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये या ध्येयाने त्यांनी शाळा, गावं आणि डॉक्टरांमध्ये प्रबोधनाचं कामही केलं.

असंच काम रायगडच्या महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलं. सुरुवात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून झाली. रुग्णाशेजारी बसून नोंदी घेतल्या, प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि ते जगप्रसिद्ध 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी मोठी इमारत नव्हती, पण वही होती.

पहिल्या अर्ध्या तासात काय दिसलं पाहिजे

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर मिळून एकच प्रतिविष आहे, ज्याला आपण 'सापाची लस' म्हणतो. चांगला दवाखाना पहिल्या अर्ध्या तासात पुढच्या गोष्टी करताना दिसतो.

एक, 20 मिनिटांची रक्ताची तपासणी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिलं, तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस-फुरशासारखं विष आहे. याला मशीन लागत नाही, फक्त नळी आणि घड्याळ लागतं.

दोन, पापण्या जड होतात का, गिळता येतं का, श्वास कसा आहे हे पुन्हा पुन्हा बघणं. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, डोळे मिटायला लागतात आणि घरचे समजतात पित्त झालं. हे ओळखणारा डॉक्टर खरा.

तीन, लस पुरेशी हाताशी असणं. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातच साधारण 8 ते 10 व्हायलने होते. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस लागतो, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. एक-दोन व्हायल देऊन "लस दिली" म्हणणं ही फसवणूक आहे. तसंच लक्षणं नसताना उगाच लस देणंही चूक, कारण तिची रिअॅक्शन येऊ शकते. त्यासाठी अॅड्रेनालिन तयार असलं पाहिजे.

चार, श्वास थांबायला लागला तर नळी घालून अम्बू बॅगने श्वास देता येणारा माणूस रात्री हजर असणं. व्हेंटिलेटर नसेल तर एकवेळ चालेल, पण हा माणूस पाहिजे.

पाच, पुढे पाठवायची वेळ आली तर लेखी चिठ्ठी : चावल्याची वेळ, लक्षणं, रक्ततपासणीचा निकाल, किती लस दिली, किती वाजता दिली. आणि पुढच्या दवाखान्याला आधी फोन. पाठवणं हा गुन्हा नाही. डायलिसिस लागणार असेल तर पाठवलंच पाहिजे. पण पहिली लस देऊन पाठवणं वेगळं आणि हात झटकून पाठवणं वेगळं.

भिंतीवर काय बघायचं

खासगी नर्सिंग होमला 1949 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. आज तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणून ओळखला जातो. नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. त्यावरची मुदत वाचा. जानेवारी 2021 मध्ये याचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णाला दवाखान्याच्या कुवतीप्रमाणे जीव वाचवणारे प्राथमिक उपचार द्यायचे आहेत. बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रार ऐकण्याची सोयही त्याच नियमांत सांगितली आहे.

कागदावर हे सगळं आहे. तरी 2025 मध्ये पुण्यातल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाचं प्रकरण आपण पाहिलं. गर्भवतीच्या कुटुंबाने दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप केला, राज्यभर संताप झाला आणि त्यानंतर रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचं जाहीर केलं. नाव मोठं आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असं होत नाही.

आगीचंही तसंच. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. 23 एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात आयसीयूला आग लागली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूमध्येच माणसं होरपळली. दोन सरकारी, एक खासगी. म्हणजे सरकारी वाईट, खासगी चांगलं हा हिशोबही खोटा. आपल्या गावच्या दवाखान्यात जिना एकच आहे का, मागचं दार कुलूप लावून ठेवलंय का, फायर ऑडिट कधी झालं, हे दिवसा जाऊन बघता येतं.

डॉक्टरांची बाजू

एकतर्फी लिहायचं नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये बहुतेक वेळा एकच डॉक्टर चोवीस तास असतो. शिकलेल्या नर्स मिळत नाहीत. लस महाग, तिची मुदत संपते, वर्षभर साठा ठेवायचा तर पैसे अडकतात. आणि सगळ्यात मोठी भीती आपली आहे. रुग्ण दगावला की पन्नास माणसं जमतात, काचा फुटतात. याविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, तरी हे थांबलेलं नाही. मग डॉक्टर विचार करतो, कशाला ठेवून घ्या, पाठवा पुण्याला. आपण फोडलेल्या काचेची किंमत पुढचा रुग्ण रस्त्यात मोजतो.

चूक आपलीही असते. भगताकडे एक तास, दोरी बांधण्यात अर्धा तास, चिरा मारण्यात आणखी वेळ. आहुपे, घाटघर, अंजनावळे बाजूच्या माणसाला आधीच अंतर जास्त. त्यात पहिला तास घरीच गेला तर चांगला दवाखानाही काय करणार? माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-जोडवी काढा, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने लस असलेल्या ठिकाणी न्या. साप मारत बसू नका.

आता मागणी काय करायची

देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्राने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे ठरलं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, त्यात खासगी दवाखानेही आले. पण मूळ आकडाच मोजला नाही तर निम्मा कसा करणार?

म्हणून ग्रामसभेत ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे साधी मागणी करता येईल. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्याचे ते पाच आकडे वर्षातून एकदा जाहीर करा. आणि पावसाळ्याच्या आधी, कुठं किती लस शिल्लक आहे आणि रात्री श्वासाची नळी घालणारा माणूस कुठं आहे, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. एका पानाचं काम आहे.

घरातल्यांनीही कागद जपून ठेवावेत. उपचाराची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावीत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. दुर्दैवाने शेतकरी दगावलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाला दोन लाखांची मदत आहे. पण शवविच्छेदन आणि इतर कागद नसतील तर कुटुंब हेलपाटे मारत बसतं.

या आठवड्यात बाजाराला जाल तेव्हा आपल्या नेहमीच्या दवाखान्यात पाच मिनिटं थांबा. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा. डॉक्टरांना शांतपणे विचारा, "साहेब, रात्री दोनला पान लागलेला माणूस आणला तर तुमच्याकडं काय होईल?" चांगला डॉक्टर रागावणार नाही, कपाट उघडून लस दाखवेल. आणि एखादा सरळ म्हणाला, "माझ्याकडं सोय नाही, थेट मंचरला न्या," तर त्याचेही आभार माना. रात्री तीन तासांनी कळण्यापेक्षा ते आज दिवसा कळलेलं बरं.