पाण्यासारखी दिसते म्हणून

जिनचा एकमेव दुर्गुण म्हणजे ती पाण्यासारखी दिसते. रमला आपला रंग लपवता येत नाही, बियरला फेस आवरत नाही, व्हिस्कीचं तर बोलायलाच नको. जिन बिचारी बिनरंगाची, आणि त्यामुळे आम्हां पांढरपेशा मंडळींनी तिचे जे हाल केले आहेत ते पाहून मला अलीकडे संताप येतो. पूर्वी येत नसे, कारण हाल करणाऱ्यांत मी स्वतः वीस वर्षं होतो.

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर जाऊन बघा. धरणाच्या काठाने मोटारींची रांग असते. मुलं भाजलेल्या कणसांना लिंबू-तिखट चोळून घेत असतात, त्यांच्या आया कांदाभजीवाल्यापाशी उभ्या असतात. आणि दर दोन-चार गाड्यांआड एक सद्‌गृहस्थ काच वर करून, गुडघ्यांमध्ये पाण्याची बाटली धरून, धरणाकडे चिंतनपर नजर लावून बसलेले असतात. मधूनच एक घोट घेतात आणि चेहरा वाकडा करतात. आता मला सांगा, पाण्याने कुणाचा चेहरा वाकडा होतो का?

मीही असाच बसे. एकदा आमच्या सासूबाईंना कणसाचं तिखट लागलं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी माझी बाटली उचलून दोन घोट घेतले. क्षणभर मी जावईपणाचा राजीनामा मनातल्या मनात लिहून टाकला. सासूबाई म्हणाल्या, "क्लोरीन फार टाकलंय हो!" आणि मग थोडा विचार करून, "पण घशाला बरं वाटतंय," म्हणत त्यांनी तिसरा घोट घेतला. ही गोष्ट मी बरीच वर्षं हसत हसत सांगत असे. तिच्यातला पुढचा भाग सांगत नसे. तो असा, की तासाभराने त्याच सासूबाईंना, बायकोला आणि दोन्ही मुलांना मागे बसवून सिंहगड रोडने गाडी मीच घरी आणली होती.

लपून पिणाऱ्याला घाई असते. भजी तळून व्हायच्या आत बाटली संपवायची असते. त्यामुळे ती कोमट, लिंबू सरबतात कोंबलेली आणि दुपटीने जास्त अशी पोटात जाते. चव घ्यायला वेळ कुणाला आहे? शेवटी पुरावा नष्ट करायचा म्हणून रिकामी बाटली काठाच्या दगडांत भिरकावायची. ते पाणी पर्वतीच्या जलकेंद्रातून फिरून उद्या आपल्याच नळाला येणार असतं, हे त्या चिंतनशील गृहस्थांना आठवत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि सगळ्या पुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगतात, तेही इथे काचा फोडतात, याचं मला नवल वाटतं.

माझे डोळे उघडले ते रिटायर होऊन खडकवासल्याला राहायला आल्यावर. (गॅलरीतून धरण दिसतं असं बिल्डर म्हणाला होता. दिसतं; मान थोडी लांब हवी.) एका शनिवारी माझ्या मेव्हणीचा मुलगा बाटली घेऊन आला. पंचविशी केव्हाच ओलांडलेला, संगणकवाला मुलगा. बाटली गोव्याच्या छोट्या भट्टीची, स्ट्रेंजर अँड सन्स, पण इथल्या दुकानातून रीतसर घेतलेली. "काका, ही क्राफ्ट जिन," तो म्हणाला आणि त्याने पूजा मांडली. माशाच्या काचपेटीएवढे पेले, काकडीच्या चकत्या, स्ट्रॉबेऱ्या, कसली तरी सुवासिक काडी. फक्त गुरुजी तेवढे यायचे राहिले होते. मग तो पेल्यात नाक घालून "नोट्स" शोधू लागला.

बायको पोळ्या आटपून पदराला हात पुशीत बाहेर आली. तिने उघड्या बाटलीचा वास घेतला आणि म्हणाली, "यात धने आहेत. जायपत्री आहे. आणि संत्र्याची साल." भाच्याने लेबल आणि फोन दोन्ही चाळले. धने, जायपत्री, जायफळ, मिरी, ज्येष्ठमध, नागपुरी संत्र्याची साल! पस्तीस वर्षं घरी मसाले कुटणाऱ्या बाईपुढे त्याच्या नोट्स वहीतच राहिल्या. मला मात्र मनातून लाज वाटली. असं नाक घरात असताना मी वीस वर्षं गाडीची काच वर करून कोणापासून काय लपवत होतो?

खरं म्हणजे ही आपल्याच फडताळातली वस्तू आहे. निव्वळ मद्यार्कात पाणी घालून मसाले भिजवायचे, तांब्याच्या भट्टीत तापवून त्याची वाफ धरायची. पहिली धार टाकून द्यायची, शेवटची टाकून द्यायची आणि मधली तेवढी ठेवायची. जुनिपरची फळं नसतील तर मात्र तिला जिन म्हणता येत नाही. त्या जुनिपरला आपले वैद्य हपुषा म्हणतात, आणि २०१८ साली गोव्याच्या एका जिनने नावच हपुसा घेतलं. त्याच मंडळींची ग्रेटर दॅन त्याआधी वर्षभर, २०१७ ला आली. टॉनिकचं म्हणाल तर साहेबाला हिंदुस्थानात हिवतापावर कडू क्विनाईन घ्यावं लागे, ते घशाखाली उतरावं म्हणून साखर, सोडा आणि जिन. म्हणजे जिन हा औषधावरचा गुळाचा खडा. गुळावरून आठवलं, आपल्याकडे पिण्याचा परवाना मिळतो तोसुद्धा आरोग्य राखण्याकरिता! एका दिवसाचा पाच रुपयांत, आजन्म हजार रुपयांत. मी आजन्म काढलाय. सरकारची ना नाही, मग आपणच मेनकापड पांघरून का बसायचं?

तेव्हा माझं ऐका. घ्यायची नसेल तर मुळीच घेऊ नका, काही अडत नाही. घ्यायची तर घरी, दिव्याखाली, काचेच्या साध्या पेल्यात, आणि नंतर गाडीची किल्ली हातात घ्यायची नसताना. आधी चमचाभर नुसती, बर्फाशिवाय. वास घ्या, जिभेवर फिरवा. मग थोडं गार पाणी. त्यानंतर भरपूर बर्फ, जिनच्या दुप्पट टॉनिक आणि लिंबाच्या सालीचा एक तुकडा. स्ट्रॉबेऱ्या मुलांना द्या. मला तीस मिलिलिटर तासभर पुरते, सोबत भाजलेले शेंगदाणे.

यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. "साहेब, गॅलरीत असं उघड? लोक काय म्हणतील?" मी त्यांना रविवारी चौपाटीवर निळ्या झाकणाच्या बाटलीसह अनेकदा पाहिलं आहे, पण बोललो नाही. बायकोने त्यांना खुर्ची दिली. ते बसले, धरणाकडे बघायला त्यांनी मान लांब केली, शेंगदाणे खाल्ले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, थोडी घेतली असती. स्टीलच्या भांड्यात द्याल का?"

"काचेत देईन," बायको म्हणाली, "आणि आधी वास घेऊन सांगा, काय काय घातलंय."

सेक्रेटरींनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "क्लोरीन?"