फाटकी जाळी आणि दिवसा चावणारा डास

पावसाळा लागला की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. 'घरात डास आहेत का?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते, 'आहेत ना, धूरफवारणीची गाडीच येत नाही!' 'आणि खिडकीला जाळी?' 'आहे, पण थोडी फाटली आहे.'

वाचकहो, थोडी फाटलेली जाळी म्हणजे उघडे दारच. डासाला बोटभर भोकही पुष्कळ होते.

जाळीचे महत्त्व फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. १९०० साली डॉ. लो व डॉ. सॅम्बन हे हिवतापाच्या ऐन हंगामात रोमजवळच्या ऑस्टिया भागात जाळी लावलेल्या लाकडी घरात राहिले. सूर्यास्तापूर्वी आत, सूर्योदयानंतर बाहेर, एवढाच नियम. क्विनाइन न घेताही दोघांना हिवताप झाला नाही.

हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. रात्रीची मच्छरदाणी त्याला कशी अडवणार? दुपारी झोपलेले बाळ, घरी बसलेले आजी-आजोबा यांचे रक्षण खिडकीची जाळीच करते.

जाळी बदलणे अवघड नाही. लाकडी चौकट असेल तर पट्ट्या काढा, चौकट पुसा. जाळी चारी बाजूंनी दोन इंच जास्त कापा. आधी वरची बाजू ठोका, मग खालची, शेवटी बाजूच्या. स्वयंपाकघरात शेगडीजवळ नायलॉनऐवजी धातूची जाळी लावा. भोक लहान असेल तर ठिगळ चालेल. पण जाळी हात लावताच तुटत असेल तर नवीनच घ्या. जुन्या जाळीचा चांगला तुकडा संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपला बांधा.

मात्र नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपल्या शहरात घरोघरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतात. एडिसची अंडी याच स्वच्छ पाण्यात वाढतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. डास घरातच जन्मला तर जाळी काय करणार? म्हणून ड्रम झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा.

धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतातच. गाडी यायला हवी, तशी मागणीही जरूर करावी. पण ती कधी येईल हे आपल्या हाती नाही. येत्या रविवारी जाळी बदलणे मात्र नक्की आहे!