आधी भार टाकावा

उंचावरून जाणाऱ्या विमानाचे इंजिन बंद पडले, तरी ते दगडासारखे खाली कोसळत नाही. उंची ही त्याची शिल्लक असते. ती बेताबेताने खर्च करीत ते तरंगत खाली येते आणि तेवढ्या वेळात वैमानिकाला मोकळे मैदान शोधता येते. पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानाच्या गाठी मात्र ही शिल्लकच नसते. ते पिकाच्या शेंड्यांपासून अवघ्या तीन-चार मीटरांवरून उडत असते. तेथे इंजिन थांबले, तर वैमानिकाने करावे तरी काय?

हा धंदा तसा जुना आहे. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावाजवळ, जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने झाडांवरील अळ्यांचा नाश करण्यासाठी विमानातून विषारी भुकटी उधळली. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास शेतीसाठी बनविलेले ‘बसंत’ विमान १९७२ साली आकाशात झेपावले.

विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटोही दोन असतात. एकाने दगा दिला, तर दुसरा काम निभावतो. परंतु पेट्रोलमध्ये पाणी मिसळले असेल, तर दोन्ही प्लग सारखेच निरुपयोगी ठरतात. म्हणूनच उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काढून पाहण्याचा नेम वैमानिकाने कधीही चुकवायचा नसतो.

तरीही इंजिन थांबलेच, तर हाती एकच भांडवल उरते, ते म्हणजे वेग. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाला सुमारे ४४ मीटर अंतर तोडते. नाक वर उचलून हा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत उतरू दिला, तर हिशेबाने साठेक मीटर उंची मिळते. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. वेग याहून फार घटला, तर पंखांचा आधारच सुटतो. त्याच क्षणी दांडा ओढून टाकीतील सारे औषध खाली सोडून द्यावयाचे असते. पाचशे लिटर द्रव म्हणजे सुमारे पाचशे किलोंचा भार! मग मागे वळण्याचा मोह टाळून, समोर दिसेल त्या शेतात, शक्य तर सऱ्यांना समांतर उतरावयाचे. निमाडातील कपाशीची शेते पाहिलेल्या आमच्या वाचकांना बांध, विहिरी आणि विजेच्या तारा यांतून अशी वाट काढणे किती बिकट, हे सांगावयास नकोच.

असे प्रसंग येणारच, हे मनाशी धरून विमान घडविणारा अभियंता म्हणजे फ्रेड वाइक. टेक्सासमध्ये १९५० साली त्याने रचलेल्या शेती-विमानात वैमानिकाचे आसन उंच आणि मागे होते. औषधाची टाकी त्याने इंजिन आणि आसन यांच्या मध्ये ठेवली. आघात झालाच, तर पुढचा भाग आधी चेपावा आणि माणूस वाचावा, हा त्यामागील विचार. पुढे त्याच्याच हातून घडलेल्या ‘पॉनी’ विमानातही हीच मांडणी आली.

आम्हाला विशेष वाटते ते त्या दांड्याचे. औषध महाग असते; ते एका जागी सांडले, तर खालचे पीकही करपण्याची भीती. हात कचरावा, अशी सारी कारणे तेथे हजर असतात आणि विचाराला सवड मात्र दोन-तीन सेकंदांचीच. म्हणून हा निर्णय आकाशात घ्यावयाचा नसतो. तो जमिनीवरच, इंजिन सुरू करण्यापूर्वी, मनाशी पक्का करून निघावयाचे असते. आपल्या प्रपंचातही काय सांभाळावे आणि प्रसंगी काय टाकावे, हे आपण आधी कधी ठरवून ठेवतो काय?