अग्निशमन केंद्रांच्या परस्पर मदतीसाठी लेखी स्थायी आदेश काढण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

संदर्भ: समितीची यापूर्वीची निवेदने, मान्सूनपूर्व आढावा बैठकीतील आश्वासन

महोदय,

औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेल्या वस्त्यांसाठी महापालिका, दोन नगरपरिषदा व एमआयडीसी यांची स्वतंत्र अग्निशमन केंद्रे आहेत. ही केंद्रे एकमेकांच्या मदतीला जातात ती अधिकाऱ्यांच्या आपसांतील ओळखीवर, हे आमचे मुख्य गाऱ्हाणे आहे. वर्दी आली की आधी हद्द विचारली जाते. हद्दीबाहेर गाडी काढायला वरिष्ठांची परवानगी लागते आणि त्यांचा फोन लागेपर्यंत जवान गाडीत, इंजिन चालू, गाडी फाटकातच. इकडे घटनास्थळी साडेचार हजार लिटरच्या बंबाचा मिनिटाला 2,250 लिटर फेकणारा पंप पूर्ण क्षमतेने चालवला, तर टाकी दोन मिनिटांत संपते. मागून दुसरा बंब नसेल तर पहिला वेळेवर पोहोचून काय साधले? ज्वलनशील द्रावणाच्या आगीला फोम लागतो. तो शेजारच्या केंद्रात असतो, पण भरपाई कोण करणार यावर अडतो. होजची सबब इथे चालणार नाही, कारण 63 मिलिमीटरच्या होजचे कपलिंग देशभर एकाच मानकाचे आहे. अडते ते फक्त परवानगीपाशी.

बंब बाहेर गेला तर आमचे शहर उघडे पडेल, हा नगरपरिषदांचा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यावरचा उपाय बंब अडवणे हा नव्हे. रिकाम्या झालेल्या केंद्रावर तिसऱ्या केंद्राची गाडी आणून उभी करण्याचा क्रम आधीच ठरवावा. खर्चाचा आक्षेपही टिकत नाही: डिझेल, फोम आणि जवानांचा विमा यांचा हिशेब करारात लिहिता येतो व आग विझल्यावर चुकता करता येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी ‘मार्ग’ या परस्पर मदत गटातून साधने एकमेकांना देण्याची व्यवस्था उभारली आहे. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कारखान्यांना जे जमते, ते एकाच शासनाच्या यंत्रणांना का जमू नये? डोंबिवलीत 23 मे 2024 रोजी स्फोट झाला तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब धावून गेलेच. अशी धाव परवानगीच्या भरवशावर ठेवू नये, एवढेच आम्ही सांगत आहोत.

मुंबई गोदीतील 1944 च्या स्फोटात 66 अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, व्यासपीठावरून संयुक्त सरावाची घोषणा होते आणि हार सुकण्याआधी ती विसरली जाते. आढावा बैठकीत “महिनाभरात आदेश काढू” असे सांगण्यात आले होते. त्यानंतरच्या आमच्या पत्राला “संबंधितांस कळविण्यात आले आहे” एवढेच उत्तर आले. संबंधित कोण, हे आजही आम्हास कळलेले नाही.

तरी पुढील मागण्या मान्य व्हाव्यात:

1. वर्दी मिळताच केंद्रप्रमुखाने स्वतःच्या अधिकारात हद्दीबाहेर गाडी पाठवावी, परवानगी नंतर नोंदवावी, असा स्थायी आदेश.
2. खर्च, फोम व विमा यांबाबत लेखी करार.
3. सर्व केंद्रांसाठी एक सामाईक वायरलेस चॅनेल.
4. वर्षातून दोन संयुक्त सराव.

पहिली मागणी मान्य करायला निधी लागत नाही, आपली सही लागते. आदेशाची प्रत पंधरा दिवसांत मिळावी. आदेश काढता येत नसेल तर नकाराचे कारण तरी लेखी कळवावे. आणखी एका बैठकीचे निमंत्रण कृपया पाठवू नये.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
नागरिक कृती समिती